कोण आहे?

दारावर थाप पडली की आपण आतून विचारतो, "कोण आहे?" आणि बाहेरून उत्तर येते, "मी!"

विचार करून पाहिले तर याच्याइतके निरुपयोगी उत्तर दुसरे नसेल. जगातला प्रत्येक माणूस स्वतःला 'मी'च म्हणतो. पोस्टमनही 'मी'च आणि चोरही 'मी'च. तरीसुद्धा त्या एका अक्षरावर घरोघरची दारे उघडतात. कारण आतला माणूस शब्द ऐकत नसतो, आवाज ऐकत असतो. माझी आई तर आवाजापर्यंतही थांबत नसे. कडीचा नाद ऐकूनच ती स्वयंपाकघरातून सांगे, "बाबा आले, दार उघड." शेजारच्या काकू कडी दोनदा वाजवीत, दूधवाला एकदाच, पण जोरात, आणि मी परीक्षेचा निकाल घेऊन आलो की कडी वाजतच नसे, नुसती हलत असे. तेवढ्यावरून आईला माझे गणितातले गुणसुद्धा कळतात, असा माझा कित्येक वर्षे समज होता.

पुढे पोटासाठी मी जो व्यवसाय धरला तो नेमका या एकाच प्रश्नाचा निघाला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत घरोघर इंटरनेट पोहोचवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करतो. कंपनीचे मालक पूर्वी केबलवाले होते. ज्या खांबांवरून त्यांनी एकेकाळी घरोघर सिनेमे पोहोचवले, त्याच खांबांवरून आता काचेचे तंतू गेले आहेत. लाइनमन खांबावर चढतात, हिशेबनीस बिले काढतात आणि मी 'कोण आहे?' असे विचारतो. अर्थात मी स्वतः दारावर बसत नाही. माझ्या वतीने एक यंत्र बसते. त्या यंत्राला बसवणे आणि ते आपले काम नीट करते की नाही याची परीक्षा घेणे, हे माझे काम.

ही सारी व्यवस्था जुन्या वाड्यासारखी असते. वाड्याला देवडी असते, देवडीवर पहारेकरी असतो. पाहुणा आला की पहारेकरी त्याला एकदम आत सोडत नाही आणि हाकलूनही देत नाही. "थांबा" म्हणतो, आत कारभाऱ्यांकडे जाऊन नाव सांगतो आणि कारभारी जशी मान हलवतील तसे करतो. आमच्याकडे पाहुणा म्हणजे तुमच्या घरातला तो दिवे लुकलुकणारा डबा. पहारेकरी म्हणजे प्रत्येक गावात ठेवलेले आमचे एक मोठे यंत्र. त्याला आम्ही 'चौकी' म्हणतो. आणि कारभारी म्हणजे उल्हासनगरच्या कचेरीत एका थंडगार खोलीत बसलेला सर्व्हर. डबा आपले नाव आणि पासवर्ड चौकीला सांगतो, चौकी आत विचारते आणि कारभारी आमच्या कामापुरत्या तीन गोष्टींपैकी एक गोष्ट करतो. तो 'होय' म्हणतो, 'नाही' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. मी जे सांगणार आहे ते रामायण या तिसऱ्या गोष्टीवरूनच घडले.

आणखी एक बारकावा सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अडायला नको. कारभारी आणि पहारेकरी यांच्यात एक गुप्त खूण ठरलेली असते. ती नसेल तर उद्या कोणीही भामटा डोक्याला पागोटे गुंडाळून "मी देवडीवरचा" म्हणत आत शिरेल. याच खुणेच्या आधाराने पहारेकरी पाहुण्याचा पासवर्ड झाकून आत नेतो आणि याच खुणेने कारभारी तो उघडून पाहतो. पाहुण्याला या खुणेची गंधवार्ताही नसते.

या पद्धतीला 'रेडियस' म्हणतात. 'रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन युजर सर्व्हिस' अशा लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. अमेरिकेत मिशिगनमधल्या विद्यापीठांचे जाळे चालवणाऱ्या मेरिट या संस्थेला, टेलिफोनवरून आत येणाऱ्या माणसांची ओळख पटवण्याची एकसारखी सोय हवी होती. लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस नावाच्या कंपनीने १९९१ मध्ये ही पद्धत सुचवली. टेलिफोन लावून आत शिरण्याचे दिवस केव्हाच गेले. नावातला टेलिफोन मात्र राहिला. आपणही चकती नसलेला फोन अजून 'फिरवतोच' की! आम्ही जो सर्व्हर वापरतो तो 'फ्रीरेडियस', १९९९ साली सुरू झालेला आणि कोणालाही फुकट मिळणारा. मला मात्र या नावाचा शाळेतला अर्थच अधिक आवडतो. रेडियस म्हणजे त्रिज्या. मध्यबिंदू उल्हासनगरात, आणि त्रिज्येचे दुसरे टोक बदलापुरात, उल्हास नदीच्या काठाशी.

मध्यबिंदूची जागाही मोठी अन्वर्थक आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. आजही तिथे रिक्षावाला "कुठे जायचं?" असे न विचारता "कोणता कॅम्प?" असे विचारतो, आणि एकपासून पाचपर्यंतचा एखादा आकडा ऐकला की निघतो. या गावाचा पाया 'कोण आहे?' या प्रश्नावरच घातला गेला. ज्यांची घरे, दुकाने आणि दस्तऐवज सरहद्दीपलीकडे राहिले होते, अशा माणसांना रांगेत उभे राहून आपण कोण ते सांगावे लागले होते. पुढे याच लोकांनी इतके कारखाने काढले की 'मेड इन यु.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ते स्वतःच हसत हसत सांगू लागले. वरची चिठ्ठी आणि आतला माल यांतले अंतर या गावाला कोणी शिकवायला नको.

असो. जुना सर्व्हर बरा चालला होता. पण जुलै २०२४ मध्ये काही संशोधकांनी असे दाखवून दिले की, वाटेत दबा धरून बसलेल्या माणसाला रेडियसच्या 'नाही'चे 'होय' करता येते. कारभाऱ्याच्या उत्तरावर जी मोहोर उठवतात ती एमडी-५ नावाच्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती रीतीने बनते, आणि तिच्यातली फट २००४ पासूनच जाणत्यांना ठाऊक होती. उपाय म्हणून प्रत्येक निरोपावर आणखी एक, अधिक पक्की मोहोर लावायची असे ठरले. आमच्या मालकांनी हे वाचले नव्हते. मी वाचून दाखवले. नकाराचा होकार होतो म्हणजे फुकट इंटरनेट जाते, एवढा अर्थ त्यांना तत्काळ कळला आणि नव्या सर्व्हरला मंजुरी मिळाली.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रात्री मी तो बसवला. गिऱ्हाइकांची निजानीज झाल्यावरच हे काम करायचे असते. बाहेर पाऊस, आत मी आणि तो. परीक्षेच्या वेळी या सर्व्हरला मोठ्याने विचार करायला लावता येते. आलेला प्रत्येक निरोप, त्यावर केलेला प्रत्येक तर्क, तो पडद्यावर ओळीमागून ओळ लिहीत जातो. शेवटी लिहितो की, विचारा, मी तयार आहे. तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा तो त्या क्षणी दिसतो.

माहितीपुस्तकात परीक्षेसाठी 'बॉब' नावाचा एक काल्पनिक गृहस्थ दिलेला असतो. मी त्याचा 'बंडू' केला. बंडूच्या नावाने योग्य पासवर्ड दिला. उत्तर आले, 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट'. म्हणजे या, बसा. मला फारसा आनंद झाला नाही. दार उघडते की नाही एवढेच पाहायचे तर दाराची गरजच काय? खरी परीक्षा पुढे असते. मी पासवर्डचे एक अक्षर मुद्दाम चुकवले. या वेळी उत्तर जरा थांबून आले: 'ॲक्सेस-रिजेक्ट'. ते थांबणेही मुद्दाम असते. हा कारभारी 'होय' म्हणायचे असेल तर तत्काळ म्हणतो, 'नाही' म्हणायचे असेल तर एक सेकंद थांबतो. आपणही तसेच करतो; उसने मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणण्याआधी आपल्याला खोकला येतो. फरक इतकाच की आपण भिडेमुळे थांबतो आणि तो संशयामुळे. समोरचा अंदाजाने पासवर्डमागून पासवर्ड ठोकीत असेल तर त्याचा वेग मंदावावा, हा त्यातला हेतू.

चुकीच्या माणसाला अडवणे हीच दरवानाची परीक्षा, हे मी लहानपणीच शिकलो होतो. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. त्यांच्याजवळ पितळेचा, आकडा कोरलेला एक बिल्ला असे. फाटकावरचा पहारेकरी आमच्याच चाळीत, दोन बिऱ्हाडे सोडून राहत असे. रोज सकाळी नळावर दोघांच्या बादल्या एका रांगेत, आणि तासाभराने फाटकावर तोच माणूस वडिलांना विचारी, "बिल्ला?" एकदा वडील बिल्ला घरी विसरले. "अरे, आत्ता तर नळावर भेटलो आपण!" ते म्हणाले. "नळावर भेटलो. बिल्ला?" वडील परत आले, बिल्ला घेऊन गेले, अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. संध्याकाळी पहारेकरी खाली मान घालून आमच्याकडे आला. आईने चहा ठेवला, पण कप जरा जोरातच ठेवला. तो गेल्यावर वडील तिला म्हणाले, "त्यानं मला आज तसंच आत सोडलं असतं ना, तर उद्यापासून मला त्या कारखान्यात जायची भीती वाटली असती." रायगडाचे दार हिरकणीला उघडले नाही, या कथेत सगळे हिरकणीचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री दार न उघडणाऱ्या पहारेकऱ्यांचीही मला आठवण होते. त्यांचे काही चुकले नव्हते.

तर बंडू आत गेला, खोटा बंडू बाहेर राहिला, आणि मी परीक्षा संपली असे ठरवले. उल्हासनगर आणि अंबरनाथच्या चौक्यांनी त्याच रात्री एक-दोन प्रश्न विचारले, त्यांना उत्तरे मिळाली. बदलापूर शांत होते. तिथली गिऱ्हाइके आधीच आत होती, आणि आत असलेल्याला पुन्हा कोणी 'कोण आहे?' विचारीत नाही. मी शेवटची गाडी पकडली. उल्हासनगर ते अंबरनाथ एकच स्टेशन. तेवढ्या वेळात मी स्वतःची पाठ चांगली दोनतीनदा थोपटून घेतली.

माझ्या परीक्षेतला दोष तुमच्या ध्यानात आला असेल. बंडूचा प्रश्न मी त्याच यंत्रावर बसून, त्याच यंत्राला विचारला होता. आपणच विचारायचे आणि आपणच उत्तर द्यायचे! घरच्या घरी घेतलेल्या अशा परीक्षेत आजवर कोण नापास झाला आहे?

पहाटे बदलापूरची वीज गेली आणि तासाभराने आली. शेकडो डबे एकदम जागे झाले आणि चौकीवर येऊन "मी! मी!" म्हणू लागले. चौकीने विचारणा आत पाठवल्या. कारभारी गप्प.

साडेसहाला माझा फोन वाजू लागला तो थांबेना. कचेरीत पोचून पाहतो तर कारण साधे होते. बदलापूरच्या चौकीचा पत्ता आठवड्यापूर्वी बदलला होता, आणि माझ्या नव्या यादीत जुनाच पत्ता उतरला होता. सर्व्हरच्या दृष्टीने कोणी अनोळखी पहारेकरी रात्रभर दार वाजवीत होता. अशा वेळी त्याने काय करावे? 'नाही' म्हणावे असे आपल्याला वाटेल. पण नियम तसा नाही. २००० सालच्या जूनमध्ये या पद्धतीचा जो प्रमाण मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात स्पष्ट बजावले आहे की, ज्याच्याशी गुप्त खूण ठरलेली नाही त्याचा निरोप मुकाट्याने टाकून द्यावा. 'नाही' म्हणणे म्हणजे आत कोणीतरी आहे हे सांगणेच की! रात्री अनोळखी थाप पडली तर एकटी बाई दिवा मालवून श्वास रोखून बसते, त्यातलाच हा शहाणपणा.

मी पत्ता बदलला, बदलापूरच्या चौकीची गुप्त खूण एका कागदावर लिहिलेली होती ती घाईघाईने टिपली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता तो बोलू लागला. पण प्रत्येकाला 'नाही' म्हणू लागला! सबंध बदलापूर एका रात्रीत पासवर्ड विसरले होते.

इथे मी जे केले ते सांगताना मला अजून संकोच वाटतो. फोन घणघणत होते, मालक पाठीशी उभे होते, पडद्यावर 'पासवर्ड चूक' असे लिहून येत होते आणि मी तेच फोनवर लोकांना सांगू लागलो. त्यात एका वृद्ध सिंधी गृहस्थांचा फोन आला. त्यांचे बालपण उल्हासनगरच्या बराकीत गेलेले. आता ते मुलाकडे बदलापूरला राहतात. वय ऐंशीच्या पुढचे.

"साईं, दिवा लाल आहे."

"तुमचा पासवर्ड चुकतोय, दादा. बदललात का?"

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तो माझ्या गावाचं नाव आहे. तिकडच्या गावाचं. तो कसा चुकेल?"

"तरी एकदा पुन्हा घालून पाहा." माझ्या आवाजात ते नेहमीचे, तोंडपाठ सौजन्य होते.

नातवाने शिकवल्याप्रमाणे त्यांनी एकेक अक्षर तोंडाने म्हणत पासवर्ड पुन्हा घातला. मला फोनवर ती अक्षरे ऐकू येत होती. माझ्या पडद्यावर पुन्हा तेच: चूक.

"अजून चूकच म्हणतोय?"

"हो, दादा."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या 'बरं'मध्ये राग असता तर मी लगेच पुढचा फोन उचलला असता. तो नव्हता, म्हणून मी फोन बाजूला ठेवला आणि पडद्यावरच्या ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. त्यांच्या नावापुढे, जिथे गावाचे नाव असायला हवे होते, तिथे कुठल्याच भाषेत नसलेली चिन्हे होती; किडे चालून गेल्यासारखी. दुसऱ्या प्रयत्नातही तसलीच, पण पहिल्याहून वेगळी. मी दचकलो. खोटे बोलणारा माणूस पुन्हा विचारले तर तेच खोटे पुन्हा सांगतो. चुकणारा माणूस बहुधा तीच चूक पुन्हा करतो. दर वेळी नवी, आणि तीही कोणत्याच कळफलकावर नसलेली अक्षरे माणूस टंकीत नाही. ही चूक वाटेतली होती. आणि खालच्याच ओळीत सर्व्हरने स्वच्छ लिहिले होते की, पासवर्डमध्ये छापता न येणारी अक्षरे दिसताहेत, तेव्हा दोन्ही टोकांची गुप्त खूण तपासा. सकाळपासून तो प्रत्येक नकाराखाली हीच सूचना लिहीत होता. मी फक्त 'चूक' एवढाच शब्द वाचत होतो.

कागद पुन्हा पाहिला. खुणेत एक शून्य होते. मी त्या जागी इंग्रजी 'ओ' घातला होता.

तेवढ्याने सगळे घडले होते. पहारेकरी एका खुणेने पासवर्ड झाकत होता, कारभारी दुसऱ्या खुणेने उघडत होता. आतून राखच निघायची. नव्या, पक्क्या मोहोरेची चौकी असती तर सर्व्हरने तो निरोप उघडलाच नसता. पण बदलापूरचे यंत्र जुने, ती मोहोर त्याला लावता येत नव्हती, म्हणून त्याला मीच तात्पुरती सवलत दिली होती. बरे, कारभाऱ्याने 'नाही' म्हटले तरी त्या उत्तरावरची खूण पहारेकऱ्याला पटत नव्हती, म्हणून तो ते उत्तरही टाकून देत होता. म्हणजे माझ्या पडद्यावर शेकडो प्रामाणिक माणसे खोटी ठरत होती, आणि त्यांच्या घरी मात्र काहीच पोचत नव्हते. 'नाही'सुद्धा नाही.

'ओ' खोडून शून्य केले. मिनिटाभरात पडदा 'होय, होय'ने भरून गेला. त्या ओळींत त्यांच्या गावाचे नावही स्वच्छ अक्षरांत येऊन गेले. ते मी इथे लिहिणार नाही. तो त्यांचा पासवर्ड आहे.

माफी मागायला मी फोन केला, तो कोणी उचलला नाही. दुपारी बदलापूरची गाडी धरली. मालकांना सांगितले की, त्रिज्येच्या दुसऱ्या टोकावरून परीक्षा घ्यायची राहिली आहे. आणि ते खरेही होते. चौकीवरून बंडूला आत पाठवले, खोट्या बंडूला अडवले, मग पत्ता शोधीत दादांच्या घरी गेलो.

त्यांनी आधी पाणी आणि पापड पुढे केला. सिंधी घरची ती रीतच आहे. डब्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मी चूक कबूल केली. शून्याची आणि 'ओ'ची गोष्ट ऐकून ते हसले. मग बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिले आणि वडिलांविषयी बोलू लागले.

१९५० च्या कायद्याने निर्वासितांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून घेतले गेले. १९५४ च्या कायद्याने भरपाईची व्यवस्था झाली. त्यांच्या वडिलांनीही अर्ज केला होता. कागद तिकडेच राहिलेले. आठवणीने घराच्या चारी दिशा लिहून दिल्या. "शेजारच्या बराकीतल्या माणसाला 'ना' आली," दादा म्हणाले. "दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी पापडांची टोपली घेऊन गाडीत चढला. पुढे त्याचं दुकान झालं. माझ्या वडिलांना ना 'हां' आली, ना 'ना' आली. रोज दुपारी टपालवाल्याच्या वेळेला बराकीच्या दारात उभे. कोणी म्हणालं, दुकान टाक, तर म्हणायचे, उत्तर येऊ दे. वर्षं गेली. उत्तर येईल म्हणून त्यांनी कुठलंच काम मनापासून धरलं नाही."

"मग उत्तर आलं?"

"नाही. अर्ज वाटेतच हरवला असेल. कोणाला विचारणार?"

मला काही बोलता येईना. आईने चहाचा कप जोरात ठेवला तो प्रसंग उगीचच आठवला. माझ्या वडिलांचा अर्धा दिवस गेला होता. पण तो का गेला हे त्यांना ठाऊक होते. समोर एक माणूस उभा होता, त्याने तोंडावर 'नाही' म्हटले होते आणि संध्याकाळी तो चहाला आला होता. नकाराला तोंड असते. मौनाला नसते, आणि ज्याला तोंड नाही त्याच्याशी भांडायचे कसे, त्याला माफ तरी कसे करायचे?

"सकाळी वाईट वाटलं," दादा म्हणाले. "गावाचं नाव चूक म्हणालात ना. मी कागदावर लिहून पाहिलं. वाटलं, खरंच विसरलो की काय." मग पापडाचा तुकडा मोडीत म्हणाले, "पण चूक म्हणणारा कोणी भेटला तरी. फक्त चूक कुणाची, ते नीट बघत जा, साईं."

तेव्हापासून माझी परीक्षेची रीत बदलली आहे. खरा बंडू, खोटा बंडू, आणि तिसरी परीक्षा दूरच्या टोकावरून. सर्व्हरने अनोळख्यापुढे गप्प राहावे हा नियम मी बदललेला नाही. तो यंत्रासाठी योग्यच आहे. पण यंत्राच्या मागे माणूस बसवलेला असतो तो गप्प राहण्यासाठी नव्हे. सर्व्हरने दिवसभरात ज्यांना काहीच उत्तर दिले नाही त्यांची यादी मी रोज निघण्यापूर्वी वाचतो. बहुतेक उचापती करणारे असतात. क्वचित एखादे आपले माणूस निघते, पत्ता बदललेले.

त्या रात्री घरी पोचायला उशीर झाला. मी कडी वाजवली.

"कोण आहे?"

"मी."

आतून 'होय' आले नाही, 'नाही'ही आले नाही. "किती हा उशीर!" एवढेच ऐकू आले आणि दार उघडले.